विहीर तुडुंब आहे, म्हणून ऊस वाढवावा का?

वाचकाचे पत्र

"आमची औसा तालुक्यात पाच एकर जमीन आहे. एक एकर ऊस आहे आणि उरलेल्या चार एकरांत सोयाबीन व तूर असते. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन शेतातच कुजले, ऊस मात्र उभा राहिला आणि विहीर कधी नव्हे ती काठोकाठ भरली. माझे थोरले दीर म्हणतात की कारखान्याने डिस्टिलरी उभारली आहे, देशाला आता परदेशी तेलाऐवजी इथेनॉल लागणार आहे, तेव्हा आणखी तीन एकर ऊस लावून टाका. पुण्यात नोकरीला असलेला माझा मुलगा नेमके उलटे बोलतो. त्याची मोटरसायकल २०१३ सालची आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने तिचे ॲव्हरेज घटले, ही लोकांची फसवणूक आहे आणि आपण तिला हातभार लावू नये, असे त्याचे म्हणणे आहे. दिवाळीत काका-पुतण्याचे इतके वाजले की भाऊबीजेला घरात कोणी धड जेवले नाही. मालक दोन वर्षांपूर्वी गेले. निर्णय मलाच घ्यायचा आहे. कोणाचे ऐकू?"
— एक वाचक भगिनी, जि. लातूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

लागणीचे दिवस हातचे जात आहेत, म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर. आहे तो एक एकर ऊस ठेवा, त्याला ठिबक करून घ्या, पण आणखी तीन एकर लावू नका. हे मी इथेनॉलचा विरोधक म्हणून सांगत नाही. माझ्या उमेदीची सव्वीस वर्षे एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत गेली. काळ्या, चिकट मळीतून निघणारा तो पाण्यासारखा नितळ द्रव मी रोज तपासला आहे. त्याने बाहेरून येणाऱ्या तेलाचा थोडा तरी भार उचलावा, असे मला तेव्हाही मनापासून वाटत होते आणि आजही वाटते. तुमच्या घरच्या वादात दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघेही पाण्याचा हिशेब सोडून बोलत आहेत आणि तुमचा निर्णय त्या हिशेबावरच ठरायचा आहे.

आधी दिरांचे म्हणणे घेऊ. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते, त्यामुळे आखातात काही घडले की त्याची झळ आपल्या तालुक्याच्या पंपापर्यंत पोहोचते. पेट्रोलमध्ये मद्यार्क, म्हणजे इथेनॉलच, मिसळण्याची कल्पनाही नवी नाही, त्यासाठी १९४८ सालीच कायदा झाला होता. प्रत्यक्ष चाचणी मात्र २००१ साली झाली, आणि ती आपल्याकडे मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ झाली. त्यानंतरही २०१३-१४ पर्यंत मिश्रणाचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. एवढ्या थोड्या वर्षांत एवढा पल्ला गाठणे हे मोठे काम आहे, आणि ते कारखान्यांनी, तेल कंपन्यांनी व ऊस उत्पादकांनी मिळून केले आहे. साखरेची पोती गोदामात महिनोन्महिने पडून राहतात, तर इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात. त्यामुळे अनेक कारखान्यांना उसाची बिले वेळेवर देणे शक्य झाले, हेही मी जवळून पाहिले आहे. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा नियम १९६६ पासून आहे, पण तिजोरीत रोकड नसेल तर नियम कागदावर राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मात्र "परदेशी तेलाऐवजी इथेनॉल" हे वाक्य जसेच्या तसे घेऊ नका. देशात आज वर्षाला साधारण १००० कोटी लिटर इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, म्हणजे ते सगळे मिळून साडेसहाशे कोटी लिटरांच्या आसपास, वजनात सुमारे ५० लाख टन पेट्रोलचे काम करते. आपण वर्षाला आयात करतो ते कच्चे तेल २४ कोटी टनांच्या घरात आहे. म्हणजे शंभर लिटरमागे दोन लिटरांचा भार इथेनॉल उचलते. ट्रॅक्टर, ट्रक, पाण्याचा टँकर ही सगळी वाहने डिझेलवर चालतात, देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे, आणि हे मिश्रण डिझेलमध्ये होत नाही. दोन टक्के ही थोडी बचत नव्हे, तिचे हजारो कोटी रुपये होतात. परंतु देशाचे तेल आपल्या सरीत पिकणार आहे, अशा समजुतीने कोणी विहिरीचे पाणी पणाला लावू नये.

आता मुलाची मोटरसायकल. वीस टक्के मिश्रणाला अनुरूप वाहने एप्रिल २०२३ पासून बाजारात येऊ लागली, त्यामुळे २०१३ च्या गाडीची त्याला काळजी वाटणे योग्यच आहे. नीती आयोगाच्या समितीने २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींचे ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असे स्वच्छ लिहिले आहे, आणि चारचाकींसाठी हा आकडा ६ ते ७ टक्के दिला आहे. त्याची गाडी लिटरला पन्नास किलोमीटर जात असेल तर दीड-दोन किलोमीटरची घट इथेनॉलच्या खात्यावर टाकता येईल. ती आठ-दहा किलोमीटरने घटली असेल तर मात्र कार्ब्युरेटर, एअर फिल्टर आणि टायरमधली हवा एकदा पाहून घ्यावी. बारा वर्षांच्या गाडीचे पेट्रोलचे पाइप आणि रबरी वॉशर तसेही बदलण्याजोगे झालेले असतात, आणि इथेनॉल जुन्या रबराला अधिक लवकर खराब करते, म्हणून तेवढा खर्च त्याने करून टाकावा.

आणखी एक गोष्ट त्याने सांभाळावी, ती म्हणजे टाकीतले पाणी. आमच्या प्रयोगशाळेत एक साधी चाचणी असे. काचेच्या मोजनळीत पन्नास मिलिलिटर मिश्र पेट्रोल आणि पन्नास मिलिलिटर पाणी घ्यायचे, बूच लावून हलवायचे आणि दहा मिनिटे नळी स्थिर ठेवायची. पेट्रोल वर तरंगते, पाणी तळाशी बसते, पण पाण्याची रेघ पन्नासवर न थांबता साठच्या जवळ जाते, कारण पेट्रोलमधले दहा मिलिलिटर इथेनॉल त्याची साथ सोडून पाण्यात उतरलेले असते. टाकीच्या झाकणातून पावसाचे पाणी शिरले तर नेमके हेच टाकीत घडते आणि गाडी पाणीमिश्रित इथेनॉल ओढू लागते. म्हणून झाकणाचे रबर धड ठेवावे, आणि गाडी दोन-दोन महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. एवढी काळजी घेतली तर ती गाडी चालेल.

फसवणुकीबद्दल मात्र त्याचे दुखणे खरे आहे, आणि ते मी झाकणार नाही. ज्या अहवालाने ॲव्हरेज घटेल असे सांगितले, त्याच अहवालाने हेही सुचवले होते की ऊर्जा कमी मिळत असल्यामुळे मिश्र पेट्रोल ग्राहकाला स्वस्त द्यावे. ते झाले नाही. त्याचे एक कारण असे की २०२४-२५ मध्ये तेल कंपन्यांना इथेनॉलच वाहतूक व करासह लिटरला सरासरी ७१ रुपयांच्या आसपास पडत होते. पण कारण काहीही असले तरी कमी ऊर्जेचे इंधन जुन्याच भावात घेणाऱ्याला ते कोणीतरी आधी समजावून सांगायला हवे होते. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली होती आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी ती फेटाळली गेली. ब्राझीलमध्ये चित्र वेगळे आहे. तिथल्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतेच, ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के, पण शेजारीच निव्वळ इथेनॉलही मिळते. दोन्ही चालणारी गाडी बाळगणारा माणूस इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी आहे का, एवढे पाहून ठरवतो. त्याचा हिशेब उघड असल्यामुळे त्याला कोणी फसवले असे वाटत नाही.

ब्राझीलचा दाखला तुमच्या दिरांनीही ऐकला असेल, कारण उसाच्या सभांमध्ये तो हमखास दिला जातो. १९७३ च्या तेलसंकटाने पोळल्यावर त्या देशाने १९७५ मध्ये हा कार्यक्रम हाती घेतला आणि तो टिकवला, हे खरे आहे. पण त्या सभांमध्ये दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. एक म्हणजे १९८९-९० च्या सुमारास साखरेला भाव आला आणि तेल स्वस्त झाले, तेव्हा तिथे इथेनॉलचा तुटवडा पडला आणि केवळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांचे मालक पंपांवर अडकले. लोकांचा विश्वास परत यायला पुढे २००३ मध्ये दोन्ही इंधनांवर चालणारी गाडी यावी लागली. दुसरी गोष्ट तुमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे: साओ पावलोकडचा ऊस बहुतांशी पावसावर येतो. तिथला शेतकरी त्यासाठी विहीर उपसत नाही.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. उसाला साधारण १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते आणि लातूरचा पाऊस सरासरीने सातशे-आठशे मिलिमीटरचा. दोन हजार मिलिमीटर धरले तर एका एकराला सुमारे ८० लाख लिटर पाणी होते. पावसाचा सगळा थेंब न् थेंब उसाला लागला असे मानले, तरी ५० लाख लिटर तुमच्या विहिरीने आणि बोअरने द्यावे लागतात. एप्रिल २०१६ आठवा. लातूरला पाणी घेऊन जी पहिली जलदूत रेल्वे आली, तिच्यात ५ लाख लिटर पाणी होते, आणि लोक ती पाहायला स्टेशनवर जमले होते. एका एकर उसाला वरून लागणारे पाणी म्हणजे तशा दहा गाड्या, आणि तीन एकरांना तीस. ठिबकने यातले बरेच वाचते, म्हणूनच आहे त्या एकराला ठिबक करा असे मी म्हणतो, पण वाचवून वाचवूनही ऊस तो ऊसच. ती गाडी मिरजेहून आली होती, जिथे पंधरा वर्षांपूर्वी इथेनॉलची पहिली चाचणी झाली होती. मिरजेला कृष्णेचे पाणी आहे. आपल्या मांजरा नदीचे त्या वर्षी काय झाले होते, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या ८० लाख लिटरांतून मिळते काय, तेही पाहू. एकरी चाळीस टन ऊस आला आणि त्याचा सगळा रस इथेनॉलकडे वळवला, तर टनाला सुमारे ७० लिटर या हिशेबाने २८०० लिटर इथेनॉल मिळते, म्हणजे साधारण साडेअठराशे लिटर पेट्रोलचे काम होते. एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी असा जो आकडा नीती आयोगाच्या अहवालात आहे, तो यातूनच जुळतो. उलट, आधी साखर काढून घेतली आणि शेवटी उरलेल्या मळीतून इथेनॉल केले, तर टनाला दहा-अकरा लिटरच मिळते, पण त्यासाठी वेगळे पाणी लागत नाही, कारण ते पाणी साखरेसाठी आधीच खर्ची पडलेले असते. मी ज्या इथेनॉलच्या बाजूने उभा आहे ते हे: साखरेनंतर उरलेल्या मळीचे, आणि ज्या वर्षी साखर खरोखर जास्त होते त्या वर्षी रसाचे. नुसत्या इथेनॉलसाठी मराठवाड्यात ऊस वाढवणे मला पटत नाही.

समजा, पाण्याचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी भावाचा प्रश्न उरतोच. ताई, तुम्ही इथेनॉल विकत नाही, ऊस विकता. तुमचा दर एफआरपीवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दरावर ठरतो, आणि एफआरपी साखरेच्या उताऱ्याशी, म्हणजे उसातून किती साखर निघते त्याच्याशी, बांधलेली आहे. डिस्टिलरीला नफा झाला तर तो तुमच्यापर्यंत येईलच असे नाही. शिवाय तो नफाही कारखान्याच्या हातात नाही. २०२३ मध्ये पावसाने ओढ दिली, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळप हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंदी घातली. आठवड्याभरात ती काहीशी सैल करून १७ लाख टनांपर्यंतच साखर इथेनॉलकडे वळवण्याची मर्यादा घालून दिली गेली, आणि निर्बंध पूर्ण उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला. तोवर कर्ज काढून उभारलेल्या कित्येक डिस्टिलऱ्या अर्ध्यामुर्ध्या चालल्या. रसापासूनच्या इथेनॉलचा भाव २०२२-२३ मध्ये लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता आणि २०२४-२५ मध्येही तेवढाच राहिला, पण त्याच काळात एफआरपी क्विंटलला ३०५ वरून ३४० रुपयांवर गेली. शेतकऱ्याला वाढ मिळालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण कारखान्याचे दोन्ही हात असे बांधले गेले की शेवटी कोणाचे बिल थांबते, हे दिरांनाच विचारा. आता तर पेट्रोलमध्ये जाणाऱ्या इथेनॉलपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक वाटा धान्याचा, मुख्यतः मक्याचा आहे.

मक्यावरून एक गोष्ट सांगतो, जी तुमच्या घरच्या भांडणात कोणी काढली नसावी. मक्यापासून इथेनॉल केल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, तो कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात स्वस्तात जातो, आणि तिथे तो सोयापेंडेची जागा घेतो. पेंडेची मागणी कमी झाली की सोयाबीनचा भाव पडतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये असताना बाजारात सोयाबीन त्याच्या खाली विकले गेले. त्याला खाद्यतेलाच्या आयातीसह अनेक कारणे होती, पण हा चोथा त्यांपैकी एक होता. म्हणजे इथेनॉल तुमच्या उसाला हात देते आणि तुमच्याच सोयाबीनचा पाय ओढते. चार एकर सोयाबीनच्या बाईने हे ध्यानात ठेवायला हवे.

मग सोयाबीन कुजले त्याचे काय, असे तुम्ही विचाराल, आणि ते रास्त आहे. ऊस पाण्यात उभा राहतो आणि त्याला ठरलेले गिऱ्हाईक असते, म्हणूनच माणूस त्याच्याकडे वळतो, त्यात हावरटपणा नाही. पण पूर्वहंगामी लागण आता केली तर ती पुढच्या वर्षअखेरीला तुटेल आणि मागे खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारा दुसरा ऊस, राहील. ऊस एका पावसाचे पीक नाही, त्याला दोन उन्हाळे काढायचे असतात, आणि आजची तुडुंब विहीर तुम्हाला २०२७ च्या मे महिन्याची हमी देत नाही. त्यापेक्षा यंदाच्या पाण्यावर रब्बीचा हरभरा आणि ज्वारी जोमाने घ्या. अर्धा-पाऊण एकर मका करून पाहायलाही हरकत नाही, तो चार महिन्यांत निघतो आणि डिस्टिलरीने नाही घेतला तरी खाद्याला जातो. फक्त त्याचा भावही खाली-वर होतो, म्हणून सगळे त्याच्यावर टाकू नका. पुढच्या खरिपात सोयाबीन सपाट रानात न पेरता रुंद वरंब्यावर घ्या, म्हणजे जास्तीचे पाणी सऱ्यांतून निघून जाईल. तालुक्याच्या कृषी कार्यालयात त्यासाठीच्या पेरणी यंत्राची चौकशी आत्तापासून करून ठेवा.

दिरांशी बोलताना मुलाचे नाव काढू नका, आणि "इथेनॉल वाईट" असेही म्हणू नका, कारण ते खरे नाही आणि त्यांना ते लागेल. त्यांना एवढेच विचारा की कारखान्याने गेल्या तीन हंगामांत उसाची बिले किती दिवसांत दिली, डिस्टिलरी झाल्यापासून एफआरपीच्या वर किती पैसे दिले, आणि विहीर आटली तर तीन एकरांची तोड लवकर देण्याचे कोणी लिहून देईल का. त्यांना ही माहिती काढणे अवघड नाही, आणि उत्तरे चांगली आली तर ती ऐकून घेण्याची तयारी तुम्हीही ठेवा. मुलालाही सांगा की काका ज्या पिकाची बाजू घेतात, त्याच पिकाने कदाचित त्याच्या शिक्षणाची फी भरली असेल. त्याने पंपावर हिशेब मागावा, काकांकडे नव्हे.

आणि एक काम या आठवड्यात करा. एका दोराला दगड बांधून विहिरीत सोडा, पाणी किती हात आहे ते मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. दर पौर्णिमेला हेच करा, आणि मोजताना दिरांना बरोबर घ्या. त्यांना तीन एकरांचा विषय पुन्हा काढायचा असेल तर वैशाख पौर्णिमेची नोंद झाल्यावर, ती वही समोर ठेवून काढू द्या.

आपला,
सदर लेखक